जन्मतारीख बदलून मिळेल का?

आमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठाला एक-दोन पासवर्ड माईकवरून वाचून दाखवले जायचे आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो.

खोटं वाटत असेल तर ऐका. हेडसर माईक हातात घ्यायचे, त्यावर दोन टिचक्या मारायचे आणि विचारायचे, "हॅलो, हॅलो, मागे आवाज येतोय?" मागून कधीच कुणी उत्तर दिलेलं नाही, पण सर समाधानाने मान डोलवायचे आणि सुरू व्हायचे, "मुळात, आजचा दिवस आनंदाचा! आज सहावी ब मधील आपल्या या विद्यार्थिनीचा वाढदिवस. दिनांक इतका, महिना इतका, सन इतका." सनसुद्धा. सर इतिहास शिकवतात, सनाशिवाय त्यांच्या तोंडातून तारीख बाहेरच पडत नाही. मग त्या मुलीने पुढे यायचं, हातात फूल धरून हसायचं, फोटो काढायचा, आणि मधल्या सुट्टीच्या आत तो फोटो शाळेच्या पानावर. जगात कुणीही बघावं असं पान. खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख.

आता शाळेची ऑनलाइन वही. गृहपाठ, चाचण्या, बाईंचे निरोप, सगळं तिच्यात. ती उघडायला नाव आणि तुकडी टाकायची, आणि पासवर्ड म्हणून जन्मतारीख. आठ आकडे. मुलांनी स्वतः बदलायची सोय बंद ठेवली होती, कारण मुलं विसरतात. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. सहाशे बारा मुलं, चोवीस शिक्षक, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला फार शहाणी समजते.

ज्या बाईच्या डोक्यात पडला ती माझी आत्या, आणि तिच्याही डोक्यात तो उशिराच पडला. हे ती स्वतःच सांगते म्हणून मी लिहितेय, नाहीतर माझी काय टाप!

आत्याला शाळेत खिडकीबाई म्हणतात. ऑफिसच्या भिंतीला एक खिडकी आहे, तिला जाळी, आणि जाळीच्या खाली हात जाईल एवढी फट. दाखला हवा, ओळखपत्र हरवलं, डबा सापडला, पासवर्ड विसरला, की या खिडकीत. पहिली-दुसरीच्या मुलांची नाकं खिडकीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तिथे बाटल्यांचा एक पालथा क्रेट ठेवलेला आहे. एकोणीस वर्षं आत्या त्या जाळीच्या आत बसते. कायम नाही, कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, त्यावर हेडसरांची सही, की पुढचे अकरा महिने.

पासवर्डच्या बाबतीत तिचा एक रिवाज होता आणि तो ती मोडायची नाही. फोनवरून पासवर्ड नाही. चिठ्ठी पाठवून नाही. मोठ्या भावाला पाठवून नाही. ज्याचा पासवर्ड त्याने स्वतः यायचं, जाळीसमोर उभं राहायचं. आत्या चष्म्याच्या वरून त्याला न्याहाळणार, मग एखादा भलताच प्रश्न, "मागच्या वेळी आलास तेव्हा कुठला दात पडला होता?" खालचा, म्हणाला पोरगा, की मगच की-बोर्डवर बोटं. रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सही. मग चिठ्ठीवर नवा पासवर्ड लिहायचा, मुलाला मनातल्या मनात वाचायला लावायचा, चिठ्ठी परत घ्यायची, आणि शिक्क्याशेजारच्या ओल्या स्पंजवर चोळून तिचा लगदा करायचा. बँकेच्या तिजोरीलाही इतका मान मिळत नसेल. आणि त्या चिठ्ठीवर, एवढं सगळं करून, लिहिलेलं काय असायचं? जन्मतारीख! परिपत्रकच तसं होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आत्यासाठी ऑफिसच्या बाकावर थांबले होते. आम्ही दोघी बरोबरच घरी जातो. तेवढ्यात खिडकीशी टाचणी आली. टाचणी म्हणजे सहावी ब मधली एक मुलगी, अंगाने काडी आणि वर केसांचा हा एवढा गोल, म्हणून टाचणी. आठ दिवसांत तिसऱ्यांदा आली होती.

"परत विसरलीस?" आत्याने विचारलं.

टाचणीने मान हलवली. हो की नाही ते कळेना.

"रजिस्टर बघितलं मी. मंगळवारी आलीस, शुक्रवारी आलीस, आज आलीस. स्वतःचा वाढदिवस विसरतेस होय गं?"

टाचणीने जाळीला नाक लावलं आणि अगदी हळू विचारलं, "बाई, जन्मतारीख बदलून मिळेल का?"

आतल्या टेबलावरचे हेडक्लार्क इतके हसले की त्यांचा चहा बशीत आला. हेडक्लार्क म्हणजे नाकातून बोलणारे, प्रत्येक वाक्याला 'नियमाप्रमाणे'चं शेपूट. "नियमाप्रमाणे प्रतिज्ञापत्र लागेल हो बाळ! हॉस्पिटलचा दाखला लागेल, नियमाप्रमाणे! तुझ्या आईला परत विचारावं लागेल, नक्की कधी झालीस ते! नियमाप्रमाणे!"

मीही हसले. खरं तेच सांगते.

आत्या हसली नाही. तिने खिडकीची फळी आतून खाली ओढली, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि दार उघडून बाहेर आली. ऑफिसच्या वेळात आत्याला मी जाळीच्या बाहेर क्वचितच बघितलंय. ती टाचणीला घेऊन माझ्याच बाकावर बसली. मला म्हणाली, "तू पलीकडे हो." मी पलीकडे झाले, पण कान काही पलीकडे होत नाहीत.

"कशाला हवी बदलून?"

टाचणी दप्तराचा पट्टा पिळत राहिली.

"कुणाला तरी माहीत झालीय का?"

टाचणी रडायला लागली, पण आवाज न करता. मग म्हणाली, "आईला सांगणार नाही ना? आई फोन काढून घेईल."

आता इथे दुसरं कुणीही मोठं माणूस असतं तर म्हणालं असतं, नाही हं सांगणार, शपथ! आणि संध्याकाळी सांगितलं असतं. आत्या म्हणाली, "आईला सांगणार. पण फोन काढून घेऊ देणार नाही. दोन्ही कबूल असेल तर बोल."

टाचणीने थोडा वेळ हिशेब केला असावा. मग बोलली.

तिच्या ऑनलाइन वहीत कुणीतरी शिरत होतं. आधी गृहपाठाच्या पानावर एक ओळ दिसली, "पिवळा फ्रॉक छान होता." वाढदिवसाच्या फोटोत तिने पिवळा फ्रॉक घातला होता. मग रोज काहीतरी. तू खिडकीजवळच्या बाकावर बसतेस. तुझी मैत्रीण अमुक. तुझा एक फोटो पाठव, कुणाला सांगू नकोस, नाहीतर तुझ्या नावाने बाईंना असं काही लिहीन की शाळेतून काढतील. टाचणीने फोटो पाठवला नव्हता. ती काय करत होती, तर धावत खिडकीशी येत होती आणि नवा पासवर्ड मागत होती. आणि आत्या तिचा चेहरा बघून, खूण पटवून, रजिस्टरमध्ये सही घेऊन, चिठ्ठीचा लगदा करून तिला परत तेच आठ आकडे देत होती.

आत्याने रजिस्टरकडे बघितलं. मग म्हणाली, "दोनदा मीच त्याला आत घेतलं." आणि टाचणीला म्हणाली, "तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं. चल, आधी तुझं करू."

ती आत गेली, परिपत्रक भिंतीवर डोळ्यांसमोर लटकत होतं त्याकडे पाठ करून बसली, आणि टाचणीला म्हणाली, "तुला हवा तो शब्द टाक. मी बघत नाही." टाचणीने टेबलापाशी जाऊन टाकला. चार वर्षांत त्या मशीनला पहिल्यांदाच जन्मतारखेखेरीज काहीतरी खायला मिळालं.

त्यानंतर आत्या थेट हेडसरांच्या खोलीत. दार उघडं होतं. सर खोलीतसुद्धा माईक असल्यासारखेच बोलतात, त्यामुळे मला बाकावरून उठावंही लागलं नाही.

"मुळात, असं आहे," सर म्हणाले, "प्रवेशाचे दिवस आहेत. त्या पानावर नऊ हजार लोक आहेत, बरं का. वाढदिवसाचे फोटो बघून पालक म्हणतात, शाळा कशी घरासारखी आहे!"

"फोटो उतरवा, सर. तारखा तरी उतरवाच. आणि पासवर्ड बदलायची परवानगी द्या. सगळ्यांचे."

"सगळ्यांचे? पुढच्या सोमवारी ऑनलाइन चाचणी आहे! मुलं विसरली तर?"

"विसरली तर माझ्याकडे येतील."

सरांनी ती वही बसवून देणाऱ्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. हा माणूस शाळेत येतो तेव्हा आम्ही त्याला 'सिंपल' म्हणतो. "सिंपल आहे सर! काही नाही सर! डेट ऑफ बर्थ इज बेस्ट, पालकांना लक्षात राहते. एखादी केस होते, त्या मुलीला सांगा जरा सांभाळून, सिंपल!"

"ऐकलंत?" सर म्हणाले. "मुळात त्या मुलीनेच कुणाला तरी सांगितला असणार. मुली बोलतात एकमेकींत."

"तिने नाही सांगितला, सर," आत्या म्हणाली. "तुम्ही सांगितलात. गेल्या महिन्यात, सकाळी सव्वाआठला, माईकवरून. मी तेव्हा टाळ्या वाजवत होते."

सरांच्या खोलीतून बारीक आवाज येणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

पण सर आता बारीक आवाजात म्हणाले, "तुमची ऑर्डर महिनाअखेरीला संपते, बरं का. मी आपली आठवण केली."

"आठवण आहे मला. पण यापुढे माझ्या हातून कुणाच्याही वहीला जन्मतारीख पडणार नाही."

घरी आल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. बाबा आत्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, अजूनही तिच्यासमोर उभं राहताना शर्ट खोचतात. "ताई, तू कशाला पुढे होतेस? वर शिक्षक आहेत, हेडसर आहेत, तो सिंपल आहे. तू खिडकीत बसतेस."

"तेच तर. किल्ली खिडकीतूनच जाते."

"नोकरी गेली तर?"

"तर तुझ्या घरी बसेन आणि रोज तुझी भाजी नावं ठेवून खाईन." आत्याने ताट पुढे ओढलं. "आणि तुझा फोन दे बघू."

"माझा कशाला?"

"दे."

बाबांच्या फोनवर, चारशे लोकांना दिसेल असं, माझ्या नववीच्या गुणपत्रिकेचं चित्र होतं. 'आमची लेक!!!' तीन उद्गारचिन्हं. खाली माझं नाव, शाळा, तुकडी, हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख, ठळक अक्षरांत. आठ महिने तिथेच होतं.

"कौतुक आहे गं," बाबा म्हणाले.

"कौतुक तोंडाने कर. तोंड आहे तुला."

"आणि विज्ञानात बेचाळीस पडलेत तेही दिसतायत चारशे जणांना!" मी म्हटलं. मला आधी त्याचंच जास्त लागलं होतं. आई ओट्याकडे तोंड करून हसत होती. बाबांनी ते काढलं. मग आणखी शोधशोध केली तर माझ्या शाळेच्या बसचा नंबर असलेला फोटो निघाला, घराच्या दाराचा निघाला. एकेक काढताना बाबा असे चुकचुकत होते जणू कुणी त्यांचे दात उपटतंय. शेवटी आत्याने विचारलं, "आणि हा फोन उघडतो कशाने?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. माझ्या जन्मतारखेने!

दुसऱ्या दिवशी टाचणीची आई आली. चपलांच्या दुकानात काम करते, दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी वाकून बोलते, म्हणून बहुधा दुकानाबाहेर एकदम वरच्या पट्टीत. आत्याने तिला फोनवर काहीच सांगितलं नव्हतं, फक्त या म्हणाली होती. आता सगळं सांगितलं. टाचणी शेजारी उभी होती, नखं खात.

"मी सांगते तुम्हाला! मी सांगते!" आई म्हणाली. "मी हिला शंभरदा बजावलं! आण गं तो फोन इकडे. बंद! आजपासून सगळं बंद! पुसून टाक ते सगळं आत्ताच्या आत्ता, मला बघायचंसुद्धा नाही!"

"पुसायचं नाही," आत्या म्हणाली. "एक ओळही नाही. आणि फोन तिचा तिच्याकडे राहील."

"तुम्ही कोण हो मला सांगणार? माझी मुलगी आहे!"

"मी हिला शब्द दिलाय. त्या शब्दावर ही बोलली."

"शब्द देणाऱ्या तुम्ही, निस्तरणार मी!"

"घरात चोर शिरला तर पोरीलाच घराबाहेर काढाल का?"

आत्याने आवाज चढवला नव्हता. ती कधीच चढवत नाही, उलट खाली आणते, समोरच्याला ऐकायला पुढे वाकावं लागतं. टाचणीची आई जाळीजवळ वाकली.

"आज फोन घेतलात," आत्या म्हणाली, "तर ही पुढच्या वेळी कुणालाच सांगणार नाही. तिला काय शिकायला मिळेल? की सांगितलं की शिक्षा. तो माणूस तेच म्हणतोय तिला, कुणाला सांगू नकोस. तुम्ही दोघं एकच सांगताय."

ती बाई फोन हातात धरून सरळ झाली. मग तिने फोन टाचणीच्या दप्तरात ठेवला, चेन लावली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कुठे जायचं आता?"

तिघी पोलिसांकडे गेल्या, आत्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून. आत्याने निघताना सगळ्या ओळींचे फोटो काढून घेतले होते, आणि बगलेत खिडकीचं रजिस्टर. तिथल्या साध्या कपड्यातल्या मॅडमनी ते उघडलं. मंगळवार दुपारी तीन चाळीस, शुक्रवार एक दहा, सोमवार चार पाच. पहिल्या दोन वेळांनंतर तास-दोन तासांत तो परत वहीत शिरल्याची खूण, तिसऱ्यानंतर नाही. "हे कुणी लिहून ठेवलं?" मॅडमनी विचारलं. आत्या म्हणाली, "सवय आहे." तक्रार नोंदवली गेली, पावती मिळाली. पावतीची एक प्रत आत्याने न विचारता हेडसरांच्या टेबलावर ठेवली.

पानावरचे फोटो मात्र तिथेच होते. आणि उरलेल्या सहाशे अकरा मुलांचे आकडेही तेच.

परिपत्रकात एक ओळ होती की विद्यार्थी पासवर्ड विसरल्यास खिडकीत येऊन नवीन घ्यावा. आत्याने ती ओळ लाल पेनाने मोठी लिहून खिडकीवर लावली. बस, एवढंच. पुढे काय झालं त्यात माझा आणि माझ्या वर्गाचा थोडा हात आहे, पण पुरावा नाही. गुरुवारी सकाळी अख्खी शाळा विसरभोळी झाली.

रांग ऑफिसपासून निघून नळांवरून वळून मैदानात गेली होती. "बाई, विसरलो!" "बाई, मीपण!" "बाई, मी काय विसरलो ते विसरलो, पण मला याने आणलं!" हेडक्लार्क दारात उभे राहून मोजत होते आणि घाम पुसत होते, "नियमाप्रमाणे एका दिवशी इतक्यांनी विसरणं..." आणि पुढचा नियम त्यांना आठवेना.

आत्याने की-बोर्ड उचलून जाळीच्या फटीतून बाहेर सरकवला होता. प्रत्येकाने स्वतः टाकायचं, ती तोंड फिरवून बसायची. मोठ्यांचं भराभर झालं. छोट्यांचे हाल. दुसरीतला एक क्रेटवर चढून खणखणीत ओरडला, "बाई, मी 'हत्ती' ठेवू?"

"आता नाही ठेवता येणार. सगळ्या रांगेने ऐकलं."

"मग 'वाघ'?"

"तोही गेला."

त्याने मागे वळून रांगेकडे बघितलं. शंभर तोंडं त्याच्याकडे बघत होती. मग त्याने जगातलं सगळ्यात अवघड काम केलं, तोंड बंद ठेवून विचार केला. त्याच्या कपाळावर घाम आला. टाकून झाल्यावर तो जो हसला! काय टाकलं ते अजून कुणालाही माहीत नाही, त्याच्या आईलाही नाही. आई येऊन भांडून गेली. आत्याने तिला सांगितलं, "तुमच्या मुलाची वही त्याच्याशेजारी बसून उघडा. रोज उघडा. तो उघडेल, तुम्ही बघा. त्याच्या पाठीमागून नको."

"आम्ही आईबाप आहोत!"

"म्हणून तर शेजारी जागा आहे."

दोन दिवस हे चाललं. शुक्रवारी दुपारी रांगेच्या शेवटी एक टक्कल दिसलं. हेडक्लार्क. हातात चहा नव्हता. "माझंही... नियमाप्रमाणे... तसंच आहे," ते नाकातल्या नाकात म्हणाले. आत्याने की-बोर्ड सरकवला आणि तोंड फिरवलं. सहाशे बारापैकी सहाशे चार मुलांचं झालं. आठ जण गोवराने घरी होते.

शनिवारी सकाळी शिपाईमामांनी आत्याच्या हातात मेमो दिला. सोमवारी सकाळी नऊच्या आत सर्व पासवर्ड पूर्ववत जन्मतारखेवर आणावेत, अन्यथा कंत्राट पुढे चालू ठेवण्याबाबत विचार करावा लागेल. खाली सरांची सही, लांब शेपटाची. आत्याने तो दोनदा वाचला, उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'सांगितलेलं काम करणार नाही. मुलांना धोका आहे. पोलीस तक्रारीची प्रत आपल्याकडे आहेच.' सही, तारीख, वेळ. तिची वेळ लिहायची सवय!

मग स्वतःच घेऊन सरांकडे गेली. मी पाण्याच्या बाटलीचं निमित्त काढून दाराशी.

सरांनी वाचलं. "मुळात," असं म्हणून थांबले. परत म्हणाले, "मुळात, तुम्ही माझ्या आदेशाला नाही म्हणताय."

"हो."

"तुम्ही एक, एक खिडकीतल्या..."

"हो, खिडकीतलीच. सर, गेल्या महिन्यात तुमचा वाढदिवस झाला. शिक्षकांनी केक आणला होता. पानावर फोटो आहे, खाली सनासकट तारीख आहे. तुमचा हा कॉम्प्युटर समोर आहे. त्यात सगळ्या मुलांचे पत्ते आहेत, आजार आहेत, कुणाच्या घरी काय भांडणं आहेत त्याचे अर्ज आहेत. मी आठ आकडे टाकून बघू का?"

सरांनी दोन्ही पंजे की-बोर्डवर पसरले. अगदी कोंबडी अंड्यांवर बसते तसे.

आत्या वळली. तिथून निघून आली.

सोमवारी चाचणी झाली. पासवर्ड विसरून खिडकीत आलेले अकरा. त्यातले नऊ आमच्या दहावीचे. वर्गाची लाज गेली, पण चाचणी वेळेत संपली. परिपाठाला सरांनी वाढदिवस वाचला तो नुसता नावाचा. तारीख तोंडाशी आली होती, मी बघितलं, ओठ 'दि' असे झाले होते, पण गिळली. फोटोंच्या खालच्या तारखा बुधवारपर्यंत गेल्या. फोटो मात्र अजून आहेत. आत्या रोज एकदा आठवण करते, रोज त्याच वेळेला, अकरा वाजता, सर चहा पिताना.

तो माणूस कोण होता ते अजून कळलेलं नाही. पोलिसांतल्या मॅडमचा पंधरवड्याने एक फोन येतो, त्या म्हणतात शोधतोय. टाचणीच्या वहीत मात्र परत कुणी शिरलेलं नाही. पहिले काही दिवस ती रोज येऊन जाळीतून नुसतं बघून जायची, आत्या आहे ना. आता येत नाही. तिची आई येते कधीकधी, दुकानातून सुटल्यावर, वरच्या पट्टीत भांडल्यासारखी गप्पा मारून जाते.

महिनाअखेरीला ऑर्डर आली. हेडक्लार्कनी ती फटीतून आत सरकवली आणि छताकडे बघत राहिले. अकराच्या जागी तीन महिने. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"तीन?" मीच ओरडले.

आत्याने चष्मा घातला, सगळी कलमं वाचली, पेन उघडलं आणि सहीच्या वर, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, लिहिलं, 'कोणत्याही विद्यार्थ्याचा पासवर्ड जन्मतारखेवर ठेवणार नाही, या अटीवर मान्य.'

"अहो बाई!" हेडक्लार्क किंचाळलेच, नाकातून नव्हे, चक्क तोंडातून. "ऑर्डरवर आपण अट नाही लिहायची! ऑर्डर ते देतात!"

"लिहिली ना? झालं मग. न्या."

ते कागद घेऊन गेले. आम्ही दोघी त्यांच्या मागोमाग. सरांनी ती ओळ वाचली, पेन उचललं, ठेवलं, खिडकीबाहेर मैदानाकडे बघितलं. तिथे दुसरीचा वर्ग खेळत होता. मग त्यांनी आत्याच्या ओळीशेजारी लांब शेपटाची सही केली आणि कागद असा ढकलला की तो टेबलावरून खाली पडला. उचलायला कुणी वाकलं नाही, शेवटी सरच वाकले.

"तीनच महिने, बरं का," ते टेबलाखालून म्हणाले.

"पुष्कळ झाले," आत्या म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पहिलीची नवी मुलं प्रवेशाला येतायत. यादी पाठवा, त्यांचे पासवर्ड त्यांच्याच हातून टाकून घेते. एक क्रेट कमी पडेल, दुसरा मागवा."